काचेपलीकडचं बोलणं

आप्पांसमोर पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास बेचैन व्हायचा. आप्पा तुमच्या डोळ्यांत बघायचे नाहीत, तोंडाकडे बघायचे. तुम्ही त्यांना नमस्कार करा, स्वतःचं दुखणं सांगा, नाहीतर त्यांच्या कादंबरीची स्तुती करा, नजर ओठांवरून हलायची नाही. बोलता बोलता तुम्ही जरा मान वळवलीत की खांद्यावर दोन बोटं टकटक वाजायची आणि हुकूम सुटायचा, "तोंड दखाड!" म्हणजे तोंड दाखव. घरात, रस्त्यात आणि साहित्यिक कार्यक्रमात आप्पा सारखीच अहिराणी मिसळलेली मराठी बोलत. एका प्राध्यापकबाईंनी तर घाईघाईनं रुमालानं ओठ पुसले होते. त्यांना वाटलं, भजी चिकटली असेल.

दौलत बोरसे हे त्यांचं पूर्ण नाव. धुळ्याकडच्या एका खेड्यातून ते मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले आणि लिंबायतमधल्या एका खात्यात लागले. मागांच्या शेडला इथे खातं म्हणतात. आत गेलात तर पहिल्यांदा छातीत धडधडतं, मग कळतं की ही आपली छाती नव्हे, जमीनच धडधडतेय. एकमेकांच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथले कारीगर ओरडतच नाहीत. ते आवाज न काढता नुसते ओठ हलवतात, आणि चार माग पलीकडचा माणूस ते वाचतो. सुख-दुःख, शिव्या, लग्नाच्या वाटाघाटी, सगळं असं बिनआवाजी चालतं. बारा तासांच्या पाळ्या करून करून आप्पांचे कान कामातून गेले. वाचणं मात्र राहिलं, आणि म्हातारपणी ते आणखी धारदार झालं.

त्याचा त्रासही व्हायचा. एकदा बँकेत काचेमागच्या साहेबानं शेजारच्याला हळूच सांगितलं, या म्हाताऱ्याला जेवणानंतर यायला सांग. रांगेत मागे उभे असलेले आप्पा तिथूनच गरजले, "मी जेवीसन उनू. तुम्ही जेवा, पण पहिले मन्हं काम करा." साहेबांच्या हातातला शिक्का खाली पडला. हे साहेब म्हणजे आमचे यजमान. त्या दिवसापासून आमच्या घरी आप्पा आले की हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे.

मी लिंबायतच्या मराठी शाळेत शिकवत होते. ह्यांच्या बदलीमुळे नाशिकहून आम्ही इथे आलो आणि इथलेच झालो. आप्पांचा योगेश माझ्या वर्गात होता, म्हणून ओळख. एके दिवशी शाळा सुटताना आप्पा साडीच्या रिकाम्या खोक्यात कागदांचा गठ्ठा घेऊन उभे राहिले. "बाई, याची शुद्धलेखनाची धुणी धुऊन द्या." म्हटलं, देते. त्यानंतर त्यांचं प्रत्येक पान आधी माझ्या हाताखालून गेलं, आणि प्रत्येक पानावरून आम्ही भांडलो. त्यांना कंस आवडायचे नाहीत. म्हणायचे, कंसातलं बोलणं म्हणजे काचेच्या केबिनमधलं बोलणं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

पहिली कादंबरी होती 'उद्याची पाळी'. खरं सांगायचं तर ती मला फारशी आवडली नाही. तिच्यातले सगळे सेठ पान खाऊन थुंकणारे आणि सगळे कामगार पहाटेच्या दवासारखे निर्मळ. शेवटी खातं कामगारांचं होतं, लाल झेंडा लागतो, आणि जन्मभर खोकणारा एक म्हातारा अचानक खोकायचा थांबतो. मी म्हटलं, "आप्पा, झेंड्यानं दमा बरा होतो का?" ते चिडले. दोन महिने आले नाहीत. पण त्या कादंबरीत एक झळाळता विश्वास होता, तो मी नाकारणार नाही. आप्पा तेव्हा कामगार संघटनेत होते. भिंतींवर घोषणा रंगवायचे, सभेच्या सतरंज्या उचलायचे. आठ तासांची पाळी हवी, ही त्यांची मागणी होती आणि ती मिळणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

या विश्वासाला कारण होते वकीलसाहेब. संघटनेचे पुढारी. बाहेरगावचे, शिकलेले, मराठी आणि गुजराती दोन्ही लोण्यासारखं बोलणारे. आप्पांच्या हातात पहिलं पुस्तक त्यांनीच दिलं, कामगार लिहू शकतो हेही त्यांनीच सांगितलं. 'उद्याची पाळी'ला प्रस्तावना त्यांची. आप्पांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी त्यांचा फोटो होता आणि सुमनवहिनी दोन्हीकडे फूल वाहायच्या. आप्पा म्हणायचे, देवाचं ठीक आहे, पण हा माणूस स्वतः येऊन आपल्याला भेटतो.

मग काही वर्षं आप्पांनी एक ओळ लिहिली नाही. फोटोही भिंतीवरून गेला. मी विचारलं की ते मान दुसरीकडे वळवायचे. बहिऱ्या माणसानं मान वळवली की संभाषण संपलं, तुम्ही काय कराल?

एकदा सुटीच्या दुपारी त्यांनी आपणहून सांगितलं. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आप्पा बोलायला लागले आणि मला काहीच ऐकू येईना. मनाला फार लागलेलं काही सांगायचं असलं की आप्पांचा आवाज आपोआप जायचा, नुसते ओठ हलत राहायचे. त्यांना ते कळायचंही नाही. मी त्यांच्याशी बोलून बोलून थोडं वाचायला शिकले होते, तरी त्या दिवशी पुन्हा पुन्हा थांबवून विचारावं लागलं.

संप चालू होता. वकीलसाहेब सेठशी बोलणी करायला आत गेले. सेठची केबिन काचेची होती, बाहेर अंगणात सगळे कारीगर उभे. माग बंद, तरी काचेमुळे आतलं ऐकू येत नव्हतं. वकीलसाहेब आपले निर्धास्त, चहाचा कप हातात, अंगणाकडे तोंड करून बसले. सगळं आयुष्य त्यांनी कामगारांसाठी भाषणं केली, पण खात्यात पाळी कधी केली नव्हती. कारीगर काय वाचतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. ते हसत हसत सेठला म्हणाले, "थोडा दहाडा खेंची काढो. आ लोको पोते ज थाकी जशे." थोडे दिवस रेटा, हे लोक आपोआपच थकतील.

अंगणातल्या प्रत्येकानं ते वाचलं.

"मग?" मी विचारलं.

आप्पांनी आजूबाजूला बघितलं होतं. ज्याच्याकडे बघावं त्याची नजर खाली. मग वकीलसाहेब बाहेर आले, मूठ वर केली आणि म्हणाले, लढा चालू राहील. सगळ्यांनी घोषणा दिली. आप्पा इथे थांबले. या वेळी त्यांचा आवाज परत आला, आणि तो इतका मोठा होता की पलीकडच्या ओट्यावरच्या बायका बघायला लागल्या. "बाई, घोषणा मी सर्वांत मोठ्यानं दिधी!"

संप थोड्याच दिवसांत मोडला. आप्पांनी संघटना सोडली. पण ज्यांना वाटलं की आता हा माणूस देवधर्माला लागेल किंवा सेठच्या दारात बसेल, त्यांची निराशा झाली. मीही एकदा विचारलंच की आता तुम्ही समाजवादी उरलात का. आप्पा वैतागले. "खानावळ बिघडली म्हणून मी खानावळ सोडली. म्हणून काय भूक गई?" आठ तासांची पाळी हवीच, कमावणाऱ्याच्या हातात कमाई हवीच, यातलं काही त्यांनी सोडलं नाही. बदललं ते एवढंच की कोण आपल्या बाजूचा, हे ते आता घोषणेवरून ठरवत नव्हते. 'आपली सत्ता आली की सगळं ठीक होईल' असं कुणी म्हटलं की ते त्या माणसाच्या ओठांकडे जरा जास्तच वेळ बघायचे.

दुसरी कादंबरी यातून आली. 'समितीचं शहर'. पुढच्या कुठल्या तरी काळातलं हे शहर. तिथे माग कधीच बंद होत नाहीत, रस्त्यांवरही त्यांचाच आवाज असतो, त्यामुळे कुणी कुणाचं ऐकू शकत नाही. लोक ओठांनी बोलतात. सेठ केव्हाच हाकलून दिलेत. राज्य कामगारांच्या समितीचं आहे आणि तिच्या आज्ञा भिंतींवर रंगवलेल्या असतात. त्या आज्ञा वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण त्यातली प्रत्येक ओळ ही आप्पांनी तरुणपणी लिंबायतच्या भिंतींवर रंगवलेली घोषणा होती. एक शब्द बदललेला नव्हता. त्या शहरात सगळ्यांना सगळं माहीत असतं. तरी रोज सकाळी सगळे मूठ वर करतात.

अर्धंअधिक पुस्तक त्यांनी साथीच्या काळात लिहिलं. ते दिवस आप्पांना फार वाईट गेले. अख्ख्या सुरतेनं मास्क लावला आणि त्यांच्यासाठी अख्खी सुरत मुकी झाली. किराणावाला, डॉक्टर, शेजारी, कुणाचंच काही कळेना. ते दारात उभे राहून प्रत्येकाला "तोंड दखाड" म्हणायचे आणि लोक घाबरून लांब पळायचे. तिथून त्यांना सुचलं की समितीची माणसं तोंड झाकून फिरतील आणि साध्या माणसाला तोंड झाकण्याची बंदी असेल. कारण शहरभर कॅमेरे असतील, आणि ते ओठ वाचतील.

यावर मात्र मी अडून बसले. "आप्पा, हे फार झालं. ओठ वाचणारे कॅमेरे? वाचक हसतील."

"मी वाचस ना? मी वाचस ते मन्हा पोऱ्या उद्या मशीनला शिकवेल." योगेश तेव्हा कॅमेरे बसवण्याच्या धंद्यात नुकता पडला होता. पांडेसऱ्याच्या गिरण्यांमध्ये, शहराबाहेरच्या सचिन गावातल्या कारखान्यांमध्ये त्याचं काम चालायचं. चहा पीत असलेला योगेश हसला. "आप्पा, तमे पण! स्टोरी मस्त है लेकिन."

कादंबरी आली आणि आप्पांवर दोन्हीकडून संकट कोसळलं. जुने सोबती म्हणाले, दौलत विकला गेला. आणि कापडवाल्या सेठ लोकांच्या एका मंडळाला वाटलं, हा माणूस संघटनांच्या विरोधात लिहितो, म्हणजे आपला. ते शाल-श्रीफळ घेऊन घरी हजर. आप्पांनी त्यांना बसवलं, वहिनींना चहा करायला सांगितला आणि म्हणाले, "काचेच्या आत वकीलसाहेब एकटे नव्हते. चहा तुमचाच होता." शाल परत गेली. नारळ तेवढा वहिनींनी ठेवून घेतला.

आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात त्यांनी या कादंबरीतलं एक प्रकरण वाचलं, तो प्रसंग मी विसरणार नाही. पुढच्या रांगांमध्ये आम्ही नोकरदार मंडळी, मागे भिंतीला टेकून खात्यांमधले कारीगर. अंगणातल्या घोषणेवर बेतलेला प्रसंग आला आणि आप्पांचा आवाज गेला. ते वाचतच राहिले, पानं उलटत राहिले, ओठ हलत राहिले. पुढून ओरडा सुरू झाला, "आवाज! माईक बघा!" मी उठून आप्पांच्या खांद्यावर टकटक करणार तोच माझं लक्ष मागे गेलं. भिंतीपाशी एकही माणूस हलत नव्हता. त्यांच्यातले दोघे-तिघे डोळे पुसत होते. मी खाली बसले.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझा हात जड होतो, कारण योगेश वाईट मुलगा नाही. तो माझा विद्यार्थी. वडिलांच्या संपाच्या काळात शाळेत डबा न आणणारा आणि भूक नाही म्हणणारा. त्यानं कॅमेऱ्यांच्या धंद्यात जीव ओतला आणि पांडेसऱ्याच्या एका मोठ्या गिरणीचं सगळं काम मिळवलं. त्या गिरणीच्या सेठशी गप्पा मारताना त्यानं एकदा मोठ्या अभिमानानं वडिलांची कादंबरी सांगितली. कारीगर कसे ओठांनी बोलतात, आपले आप्पा कसे लांबून सगळं वाचतात, सगळं रंगवून सांगितलं. पोरानं बापाची स्तुती केली, एवढीच त्याची चूक. सेठ इतकी वर्षं ते हलणारे ओठ बघत आला होता, पण त्याला वाटायचं, तंबाखू चघळतात.

पुढच्या सुटीच्या दुपारी मी नव्या आवृत्तीची पानं घेऊन आप्पांकडे गेले होते. योगेश आला, लॅपटॉप उघडला आणि आप्पांसमोर ठेवला. पडद्यावर खात्यातला एक कोपरा दिसत होता. चार माणसं मागापाशी उभी, ओठ हलताहेत. आवाज अर्थातच नाही.

"एवढंच सांगा आप्पा, काय बोलताहेत."

"कशाले?"

"सेठला वाटतं, काही तरी शिजतंय. नावं नकोत. फक्त काय बोलताहेत ते."

आप्पांनी नजर वळवायला हवी होती. पण आपण कान बंद करू शकत नाही, तसं त्यांना डोळ्यांचं होतं. नजर गेली आणि वाचायला लागली. लहान मुलं वाचताना पुटपुटतात तसे त्यांचे ओठही वाचताना किंचित हलायचे. मी त्यांच्याकडे बघत होते. मला त्यांच्या ओठांवर एकच शब्द सापडला. पाळी.

वहिनी साडीला टिकल्या लावत होत्या, त्यांचा हात थांबला. इतक्या वर्षांनी तीच मागणी, त्याच बारा तासांबद्दल, आणि ती चार माणसं आप्पांच्या मांडीवर येऊन बसल्यासारखी झाली होती. आप्पा बोलले असते तर ती दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आली असती. कदाचित आधी मार खाऊन. आप्पा गप्प बसले असते तर मुलाचं काम गेलं असतं. खोलीत पंख्याचा आवाज येत होता, तो फक्त आप्पांना येत नव्हता.

"जेवानं बोली ऱ्हायनात," आप्पा म्हणाले.

"एवढा वेळ? जेवणाचं?"

"वांग्याचं भरीत. त्या उंच माणसाचा डबा नही उना."

योगेशचा चेहरा लाल झाला. "आप्पा, तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत. त्यापायी सगळं घालवलंत. तुमच्या क्रांतीचं घरभाडं आईनं टिकल्या लावून भरलं. आज एकदा, एकदा माझ्या बाजूनं बोला ना!"

आप्पांनी त्याच्या ओठांवरून नजर काढली नाही. प्रत्येक शब्द त्यांनी पूर्ण वाचला. मला वाटलं आता ते रडतील. पण ते इतकंच म्हणाले, "भरीतच शे, बेटा."

योगेशनं लॅपटॉप मिटला. दारात थांबून, मुद्दाम आप्पांकडे तोंड करून तो म्हणाला, "तुम्ही नाही तर दुसरा कोणी. लिंबायतमध्ये तुमच्यासारखे म्हातारे गल्लोगल्ली आहेत. आणि पुढच्या वर्षी माणूस लागणारच नाही, मशीन येतंय. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय तुम्ही."

 तो गेल्यावर मी निघाले तेव्हा आप्पांनी माझ्या खांद्यावर टकटक केली. "बाई, मी पुस्तकात चूक करी. तोंड झाकानं मी समितीले दिधं. ते या लोकांले द्यायला पाहिजे होतं." मला वाटलं, ते नव्या आवृत्तीतल्या दुरुस्तीबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, बघू, प्रकाशकाला विचारते.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना आप्पा त्या गिरणीच्या फाटकावर गेले. काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. ते फाटकाच्या आत पाच पावलं गेले, आवाज न करता काही बोलले आणि रखवालदारानं बाहेर काढायच्या आत स्वतःच बाहेर आले. त्यानंतरच्या पाळीपासून त्या खात्यातला एकेक माणूस तोंडावर फडकं बांधून काम करायला लागला. कुणी ताग्याच्या कापडाचं, कुणी जुन्या साडीचं. विचारलं तर म्हणायचे, तंतू नाकात जातात, खोकला होतो. कापडाच्या गिरणीत कामगारानं खोकायला लागणं यात कोण काय चूक काढणार? बोलणं त्यांनी ओठांवरून हातांवर आणलं आणि हात मागाच्या खाली ठेवले, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे. त्या चौघांपैकी एकालाही काढलं गेलं नाही. आठ तासांची पाळी काही मिळाली नाही. पण मागणी करणारे अजून आत आहेत.

सेठनं फाटकावरच्या कॅमेऱ्यात आप्पांना बघितलं, पुस्तकावरच्या फोटोवरून ओळखलं. योगेशचं काम त्याच दिवशी गेलं, आणि अशा बातम्यांना पाय असतात, म्हणून पांडेसऱ्यातली बाकीची कामंही गेली. तो बायकोला घेऊन सचिनला राहायला गेला. कुणाच्या तरी दुकानात मोबाइल दुरुस्त करायला लागला. वहिनी जाऊन-येऊन असायच्या. आप्पांना त्यानं तोंड दाखवलं नाही.

आप्पांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. नव्या आवृत्तीसाठी त्यांनी शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. त्यात शहरातली सगळी माणसं एका सकाळी तोंड झाकून बाहेर पडतात आणि मूठ वर करत नाहीत. मी म्हटलं, चांगलं झालंय. ते म्हणाले, "महाग पडनं." ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं वाचत राहायचे. सचिनकडून येणारी रिक्षा थांबली की मान जरा पुढे व्हायची. एवढंच. मग एका सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या तर ते उठले नाहीत.

योगेश आला, सगळं त्यानंच केलं. तेराव्यानंतर तो एका संध्याकाळी माझ्याकडे आला. चहाला नको म्हणाला. भूक नाही म्हणणाऱ्या त्या जुन्या पोरासारखाच बसला. मग त्यानं मोबाइल काढला.

"बाई, तुम्हाला वाचता येतं ना? थोडं?"

फाटकावरचं चित्रण होतं. काम जाण्याच्या आधी त्यानं ते स्वतःजवळ उतरवून घेतलं होतं. इतके महिने कितीदा बघितलं असेल, देव जाणे. खात्यात त्यानं कधी पाळी केली नव्हती, आप्पांनी करू दिली नव्हती, म्हणून त्याला हे वाचणं कधी आलंच नाही.

आप्पा आत आले. डोक्यावर टोपी, खांद्यावर रुमाल. पाळी सुटलेली माणसं समोरून येत होती. आप्पांनी ओठ हलवले. हे सोपं होतं, मी लगेच वाचलं. तोंड झाका रे भो, आता कॅमेरा वाचस. येणारी माणसं न थांबता पुढे निघून गेली, पण जाताना प्रत्येकाची मान थोडी हलली. मग आप्पा वळले. त्यांनी वर, थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. फोटो काढताना करायचे तशी टोपी सारखी केली. आणि वहिनींशी किंवा माझ्याशी बोलताना कधी बोलले नसतील इतकं सावकाश, एकेक शब्द सुटा करून ते बोलले.

मी परत लावायला सांगितलं. मला खात्री करून घ्यायची होती.

"काय म्हणताहेत?"

"तुझं नाव घेतलंय. म्हणताहेत, योगेश, तुन्हं काम जाई, माले माहीत शे." मी पाणी प्यायले. "आणि मग म्हणताहेत, जेवी ले बेटा. उपाशी नको ऱ्हाऊ."

योगेशनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत तो लॅपटॉप मिटतानाचा राग पुन्हा आला. "बाई, तुम्हीपण? जेवणाचं बोलताहेत?"

"खरंच रे. आईशप्पथ."

 त्यानं चित्रण मागे नेलं, पुन्हा लावलं आणि मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. आप्पा वळले, टोपी सारखी केली, बोलायला लागले. या वेळी योगेशचे ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले.